नाव नसलेली गाणी



तुमच्या घरी माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी जुन्या कॅसेटींचा एखादा डबा पडलेला आहे का? असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. नसेल, तरीही वाचा. कारण तुमच्या मोबाइलमध्ये तसाच एक डबा रोज थोडाथोडा भरत असतो.

डहाणूहून समुद्राच्या कडेने बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे नरपड गाव आहे. एका बाजूला सुरूची झाडे आणि समुद्र, तर दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. माझा एक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत असाच एक डबा घेऊन माझ्याकडे आला. डब्यात ११ कॅसेटी होत्या. त्याच्या काकांनी तीसेक वर्षांपूर्वी साध्या टेपरेकॉर्डरवर त्या भरल्या होत्या. काहींत लग्नातली गाणी होती, तर काहींत तारपा होता. तारपा तुम्हांला ठाऊक असेलच. भोपळ्याची हवापेटी, तिला जोडलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, असे हे वारली लोकांचे फुंकवाद्य. वारली चित्रात नाचणाऱ्यांच्या वेटोळ्यामध्ये जो वादक दिसतो, त्याच्या हातात हेच वाद्य असते.

आम्ही टेपरेकॉर्डर तारेने संगणकाला जोडला आणि आठ दिवसांत सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवल्या. गाणे संपले की तुकडा पाडायचा, असे करत ८६ फाइली तयार झाल्या. संगणकाने त्यांना आपल्या मनाने नावेही दिली: 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' आणि असेच पुढे 'ट्रॅक ८६' पर्यंत. विद्यार्थी खूष होऊन म्हणाला, "सर, आता ही गाणी कायमची राहिली!"

मी त्याला विचारले, "ट्रॅक ४१ मध्ये तारपा कोण वाजवतो आहे?"

त्याला सांगता येईना. कॅसेटीच्या कागदावर पेनाने फक्त 'तारपा' एवढेच लिहिलेले होते. काका आता हयात नाहीत. म्हणजे आवाज शिल्लक होता, पण तो कोणाचा हे शिल्लक नव्हते. मग ही गाणी राहिली असे म्हणायचे का? या प्रश्नाचे उत्तर आपण आज पायरीपायरीने शोधू या.

आवाजाचे आकडे होतात कसे?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील जलद चढउतार, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. मायक्रोफोन या चढउतारांचे विद्युतदाबात रूपांतर करतो. संगणक या विद्युतदाबाचे ठरावीक काळाने मोजमाप घेतो आणि तो आकडा लिहून ठेवतो. अशा एका मोजमापाला 'नमुना' म्हणतात.

एका सेकंदात किती नमुने घ्यायचे? माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. एखादे कंपन आकड्यांत नीट पकडायचे, तर त्याच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात. म्हणून १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने हे प्रमाण ठरले. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे २ बाइटांचा असतो. डावा आणि उजवा असे दोन प्रवाह असतात. आता गुणाकार करा:

४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट दर सेकंदाला.

एका तासाच्या कॅसेटीसाठी हे ६३ कोटी ५० लाख बाइटांवर जाते. आमच्या ११ कॅसेटींचे मिळून सुमारे ७ अब्ज बाइट, म्हणजे ७ गिगाबाइट झाले. बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये ते सहज मावतात.

पण या ७ अब्ज बाइटांत एकही बाइट असा नव्हता, की जो वादकाचे नाव सांगेल. संगणकाच्या दृष्टीने तारपा, पाऊस आणि बैलगाडीची चाके यांत काहीच फरक नाही. सगळे नुसते आकडे.

सव्वाशे वर्षांपूर्वीची युक्ती

ही अडचण नवी नाही. भारतात ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रण सुरू झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. तेव्हाच्या प्रसिद्ध गायिका गौहर जान यांची गाणी त्यात होती. मुद्रण कलकत्त्यात झाले, पण तबकड्या तयार होणार होत्या जर्मनीत, हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांना ना भाषा कळे, ना गायक ओळखता येई. मग तबकडीवर चिकटवायच्या कागदावर नाव कोणाचे छापायचे?

यावर एक साधी तोड निघाली. गाणे संपताच गायकाने मोठ्याने आपले नाव सांगायचे. गौहर जान यांच्या त्या काळच्या तबकड्यांच्या शेवटी त्यांनी इंग्रजीत सांगितलेले आपले नाव आजही ऐकू येते. कागदाची चिठ्ठी गळून पडेल, पाकीट बदलेल, पण आवाजातच कोरलेले नाव कोठे जाणार?

एक गोष्ट ध्यानात ठेवा. वस्तूबाहेर लावलेली नोंद हरवते आणि वस्तूच्या आत असलेली नोंद वस्तूबरोबर जाते. पुढचा सगळा विषय या एका गोष्टीवर उभा आहे.

१२८ बाइटांची चिठ्ठी

गंमत अशी, की जवळजवळ ९५ वर्षांनी संगणकाच्या जगात तीच अडचण पुन्हा उभी राहिली. एमपी३ पद्धतीने गाणी लहान फाइलींत मावू लागली, पण फाइलीत नावाला जागाच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केंप यांनी उपाय सुचवला: प्रत्येक फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडायची. या पद्धतीला 'आयडी३' म्हणतात आणि अशा चिठ्ठीला 'टॅग'. तिची मांडणी पाहा:

ओळखखूण (टॅग या शब्दाची तीन रोमन अक्षरे): ३ बाइट
गाण्याचे शीर्षक: ३० बाइट
कलाकार: ३० बाइट
अल्बम: ३० बाइट
वर्ष: ४ बाइट
टीप: ३० बाइट
संगीताचा प्रकार: १ बाइट

बेरीज करून पाहा, बरोबर १२८ येते. ही चिठ्ठीही गौहर जान यांच्या नावासारखीच शेवटी आहे आणि वस्तूच्या आत आहे.

या चिठ्ठीचा खर्च किती? साधारण प्रतीच्या एमपी३ मध्ये सेकंदाला १६,००० बाइट लागतात. म्हणजे ४ मिनिटांचे गाणे ३८,४०,००० बाइटांचे झाले. त्याला १२८ ने भागा. उत्तर येते ३०,०००. गाण्याने जागेचे तीस हजार भाग घेतले, तर नावाने फक्त एक. वेगळ्या शब्दांत सांगायचे, तर एका सेकंदाच्या हजारातील ८ भागांचा आवाज साठवायला जेवढी जागा लागते, तेवढ्या जागेत गाण्याचे नाव, गायक, वर्ष आणि टीप बसते. एवढ्या वेळात टाळीचा आवाजही पुरता विरत नाही!

तेव्हा जागा नव्हती म्हणून नाव लिहिले नाही, असे कोणालाच म्हणता येणार नाही.

मराठीची अडचण

या जुन्या चिठ्ठीत आपल्यासाठी दोन खोटी होत्या. पहिली म्हणजे संगीताच्या प्रकारासाठी दिलेला एक बाइट. त्यात प्रकाराचे नाव नसते, तर क्रमांक असतो. मूळ यादीत ० ते ७९ असे ८० प्रकार होते. त्यांत पाश्चात्त्य रॉक संगीताचे कितीतरी पोटप्रकार होते, पण लोकसंगीत असा प्रकारच नव्हता! तो पुढे 'विनॅम्प' या सॉफ्टवेअरने यादी वाढवली तेव्हा ८० व्या क्रमांकावर आला. भावगीत, लावणी, अभंग, ओवी यांची तर गोष्टच सोडा. यादी करणाऱ्यांनी मुद्दाम कोणाला वगळले असे नाही. आपल्या कानावर जे पडते, त्याचेच कप्पे माणूस करतो.

दुसरी खोट अक्षरांची. ती चिठ्ठी पश्चिम युरोपातील लिप्यांसाठी आखलेली होती. त्या लिपीत एका अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीला आज आपण युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतपद्धती वापरतो. तिच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हे धरायची. आता 'नरपडचा तारपा' हे शीर्षक मोजू या. 'नरपडचा' मध्ये न, र, प, ड, च आणि काना अशी ६ चिन्हे. 'तारपा' मध्ये त, काना, र, प, काना अशी ५. एकूण ११ चिन्हांचे ३३ बाइट आणि मधल्या मोकळ्या जागेचा १, मिळून ३४ बाइट. जागा आहे ३०!

कोणी दडपून ते तेथे घातलेच, तर काय होईल? 'नरपडचा तार' येथपर्यंत २८ बाइट होतात. पुढच्या 'प' ला ३ बाइट हवेत, पण उरलेत २. म्हणजे 'प' अर्धवट कापला जाईल आणि 'नरपडचा तार' यापुढे पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतील. जुन्या फाइलींत मराठी नावांऐवजी असा कचरा दिसला, तर फाइल बिघडली असे समजू नका. बहुधा लिपीच्या संकेतांचा घोटाळा झालेला असतो.

१९९८ मध्ये आयडी३ ची दुसरी पद्धती आली आणि ही अडचण सरली. तिच्यात चिठ्ठी फाइलीच्या सुरुवातीला असते, तिला ३० बाइटांचे बंधन नाही, युनिकोड चालते आणि प्रकाराचे नाव आपल्या शब्दांत लिहिता येते. २००१ मध्ये आलेल्या 'फ्लॅक' या पद्धतीत तर आवाजाची किंचितही प्रत न बिघडवता फाइल लहान होते आणि नोंदींचे रकानेही आपण स्वतः निर्माण करू शकतो. रकान्याचे नाव तेवढे साध्या रोमन अक्षरांत द्यावे लागते. आतला मजकूर मराठीत चालतो. आम्ही नरपडच्या कॅसेटींसाठी फ्लॅकच निवडली.

कपाट आणि कार्डे

आता पुढचा प्रश्न. एवढ्या फाइली ठेवायच्या कशा? तुम्ही म्हणाल, फोल्डर करू. करा, पण एक कोडे सोडवा.

'गीत रामायण' तुम्ही ऐकले असेल. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी संगीत दिलेली ही ५६ गाणी पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. त्या वेळी माणिक वर्मा, लता मंगेशकर अशा निरनिराळ्या गायकांनी ती गायिली. पुढे फडक्यांनी सगळी गाणी स्वतःच्या आवाजातही गायिली. आता सांगा, माणिक वर्मांनी गायिलेले गाणे कोणत्या फोल्डरमध्ये ठेवाल? माडगूळकरांच्या, फडक्यांच्या, की माणिक वर्मांच्या?

फोल्डर म्हणजे कपाटाचा कप्पा. एक वस्तू एका वेळी एकाच कप्प्यात राहू शकते. ग्रंथालयांना हीच अडचण होती. पुस्तक फळीवर एकाच जागी असते, पण वाचक मात्र कधी लेखकाच्या नावाने येतो, कधी पुस्तकाच्या, तर कधी विषयाच्या. म्हणून ग्रंथपाल एका पुस्तकाची तीन कार्डे करत आणि ती तीन खणांत ठेवत. पुस्तक एक, वाटा तीन. आपले थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मांडलेली 'कोलन' वर्गीकरण पद्धती याच विचाराच्या पुढची पायरी आहे. विषयाला एकाच चौकटीत न कोंबता त्याची निरनिराळी अंगे, जसे स्थळ आणि काळ, वेगवेगळी नोंदवायची, असा तिचा गाभा आहे. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक होते, हे मुद्दाम सांगतो.

टॅग म्हणजे हीच कार्डे. आयडी३ च्या दुसऱ्या पद्धतीत गायक, संगीतकार आणि गीतकार यांना वेगवेगळे रकाने आहेत. इंग्रजी पद्धतीने 'कलाकार' हा एकच रकाना भरून आपण थांबतो आणि मराठी गाण्याचा कवी हरवतो. तसे करू नका. तिन्ही रकाने भरा.

सॉफ्टवेअर काय करते?

संगीतसंग्रह सांभाळणारी अनेक सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. म्यूझिकबी, रिदमबॉक्स ही त्यांतली काही. टॅग लिहिण्यासाठी पिकार्ड, किड३ यांसारखी खास साधनेही आहेत. ही सॉफ्टवेअरे प्रथम तुमच्या सर्व फाइलींतील चिठ्ठ्या वाचून एक मोठी अनुक्रमणिका तयार करतात. पुस्तकाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, तशीच ही. मग 'गीतकार: माडगूळकर' असे विचारले, की ८,००० गाण्यांतूनही उत्तर क्षणात मिळते. फाइली जागच्या हलत नाहीत.

पण यंत्र अक्षरे पाहते, अर्थ नाही. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'जोशी भीमसेन' हे त्याच्या लेखी तीन वेगळे गायक. म्हणून काही पथ्ये पाळा.

एक, प्रत्येक नाव एकाच पद्धतीने लिहा. 'पंडित', 'श्री', 'सौ.' ही पदे टीपेत लिहा, नावाच्या रकान्यात नको.

दोन, क्रमांक ०१, ०२ असे लिहा. नाहीतर १ नंतर १०, ११ येऊन मग २ येतो.

तीन, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. अशा तारखा अक्षरक्रमाने लावल्या तरी आपोआप कालक्रमाने लागतात. आकडे एकतर सगळीकडे देवनागरी वापरा, नाहीतर सगळीकडे इंग्रजी.

चार, हे खास मराठीसाठी. 'वाऱ्या' सारख्या शब्दांतील ऱ्य हे जोडाक्षर संगणकावर दोन प्रकारांनी टंकता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण आतले संकेत निराळे असतात. त्यामुळे डोळ्यांसमोर दिसणारे गाणे शोधताना मात्र सापडत नाही. अशा वेळी सापडलेल्या नावाची प्रत करून तीच सगळीकडे चिकटवावी.

पाच, हे सर्वांत महत्त्वाचे. आपण दिलेले तारे, केलेल्या याद्या, कधीकधी टिपासुद्धा काही सॉफ्टवेअरे फाइलीत न लिहिता केवळ स्वतःच्या अनुक्रमणिकेत ठेवतात. संगणक बिघडला की त्या गेल्या. तेव्हा नोंद फाइलीतच लिहिली गेली आहे ना, हे तपासायला शिका. एक फाइल दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडा. नाव दिसले, तर चिठ्ठी आत आहे.

यंत्र गाणे ओळखते का?

"पण सर, मोबाइलला गाणे ऐकवले की तो नाव सांगतोच की!" असे तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल. बरोबर आहे. हे कसे घडते?

यंत्र आवाजाचे अगदी लहान लहान तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारता जोरकस आहेत ते पाहते. काळ आडव्या अक्षावर आणि वारंवारता उभ्या अक्षावर घेतली, तर हे जोरकस बिंदू आकाशातल्या नक्षत्रांसारखे दिसतात. हा त्या ध्वनिमुद्रणाचा ठसा. 'शझाम'साठी ही रीत तयार करणारे एव्हरी वांग यांनी ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. पिकार्ड हे साधनही थोड्या वेगळ्या रीतीने काढलेला असाच ठसा वापरते आणि तो एका सामाईक कोशाशी ताडून पाहते.

आम्ही नरपडच्या ८६ फाइली पिकार्डला दाखवल्या. एका कॅसेटीच्या मागच्या बाजूला काकांनी विकतच्या कॅसेटीवरून १२ हिंदी चित्रपटगीते उतरवली होती. त्यांतील काही यंत्राने झटकन ओळखली, गायकासह आणि वर्षासह. उरलेल्या ७४ फाइलींपुढे मात्र रकाने कोरेच राहिले.

कारण उघड आहे. कोशात ठसा असतो, पण ठशापुढचे नाव कोणीतरी माणसानेच लिहिलेले असते. चित्रपटगीताचे नाव कंपनीने छापले, म्हणून ते जगाला माहीत झाले. आमच्या पाड्यावरच्या वादकाचे नाव कोणी छापलेच नव्हते. यंत्र ओळखत नाही, यंत्र फक्त जुळवते. जे लिहिलेच नाही, ते जुळणार कशाशी?

आजी आणि ट्रॅक ४१

मग आम्ही उरलेला एकच मार्ग धरला. विद्यार्थ्याने संगणक घरी नेला आणि तीन संध्याकाळी अंगणात बसून आजीला एकेक फाइल ऐकवली. आजीला लिहिता-वाचता येत नाही. पण लग्नातल्या गाण्यांत धवलेरीचा, म्हणजे वारली लग्न लावणाऱ्या स्त्रीचा, आवाज ऐकताच तिने नाव सांगितले, पाडाही सांगितला. एका तारप्याला ती म्हणाली, "हा सुरुवातीलाच सूर लांब धरतो. दुसरा कोणी असा धरत नसे." आमच्या यंत्राने जो ठसा शोधला, तसाच एक ठसा आजीच्या कानात होता, आणि तिच्याजवळ त्यापुढचे नावही होते.

वर्ष तिला आकड्यांत सांगता येत नव्हते. "तुझ्या आत्याच्या लग्नाच्या आदल्या सुगीला," असे ती म्हणे. आत्याचे लग्न १९९३ चे. म्हणून आम्ही लिहिले: 'अंदाजे १९९२; आजीच्या सांगण्यावरून'. विज्ञानात मोजमापाबरोबर त्यातील संभाव्य चूकही लिहितात ना? तसेच येथे. नक्की माहीत नसलेले वर्ष नक्की असल्यासारखे लिहू नये आणि अंदाज आहे म्हणून रकाना कोराही सोडू नये. अंदाज कोणाचा, तेही लिहावे.

७४ पैकी ५१ फाइलींना नावे मिळाली. २३ राहिल्या. ट्रॅक ४१ त्यांतलाच. आजीने तो दोनदा ऐकला आणि म्हणाली, "हे तुझ्या काकालाच ठाऊक."

मित्रांनो, मला या कामात सर्वांत जास्त विचार करायला लावला तो या वाक्याने. काकांनी निष्काळजीपणा केला असे नव्हे. वादक त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. त्याचे नाव आपण कधी विसरू, असे त्यांच्या मनातही आले नसेल. त्यांना सगळे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी लिहिले नाही.

मग त्या २३ फाइलींचे काय करायचे? सगळ्यांपुढे 'अज्ञात' लिहिले, तर २३ वेगवेगळी माणसे एका कप्प्यात जाऊन एकच होतात. म्हणून ट्रॅक ४१ च्या चिठ्ठीत आम्ही असे लिहिले: 'कलाकार: अज्ञात तारपावादक, कॅसेट ६. संगीत: पारंपरिक. गाव: नरपड किंवा जवळपास. वर्ष: अंदाजे १९९० ते १९९५. टीप: मागे कोंबडा आरवतो, शेवटी एक मुलगा हसतो, आजीला ओळख पटली नाही.' यातील एखाद्या खुणेवरून उद्या कोणी ओळखेलही. या फाइली आता पाड्यावरच्या इतर वृद्धांना ऐकवायच्या आहेत, आणि ते काम लवकर करायचे आहे.

एक सूचना. लग्नातली गाणी ही त्या घरांची ठेव आहे. ज्यांचा आवाज आहे, त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती कोणाला पाठवू नका. परवानगी मिळाली की तीही टीपेत नोंदवा. आम्ही सर्व फाइलींच्या तीन प्रती केल्या. एक विद्यार्थ्याच्या घरी, एक माझ्याकडे, एक गावाबाहेरच्या त्याच्या मामाकडे.

करून पाहा

१. तुमच्या मोबाइलमधील, स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या दहा फाइली निवडा. कोण, काय, कोठे, केव्हा, कोणी मुद्रित केले, हे पाच प्रश्न प्रत्येकीला विचारा. किती उत्तरे फाइलीत आहेत आणि किती फक्त तुमच्या डोक्यात आहेत, ते मोजा.

२. 'डहाणूचा समुद्र' हे शीर्षक यूटीएफ-८ मध्ये किती बाइटांचे होईल? 'द्र' मधील हलन्ताचे चिन्ह मोजायला विसरू नका. ते ३० बाइटांत मावेल का?

३. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला जुनी एक कॅसेट ऐकवा आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत टीपेत लिहा.

शिक्षकांनी हा उपक्रम वर्गात घेतला, तर मुलांकडून प्रथम रकाने ठरवून घ्यावेत आणि मगच संगणकाला हात लावू द्यावा. कोणते रकाने हवेत यावर मुले वाद घालतील. तो वाद होऊ द्यावा, कारण वर्गीकरण हा विषय तेथेच समजतो.

आणि यापुढे कोणाचेही गाणे मुद्रित कराल, तेव्हा बटण दाबल्यावर आधी गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख स्वच्छ आवाजात बोला, मग गाणे सुरू करू द्या. टॅग कधी पुसला गेला, तरी आवाजातले नाव राहील. आमचा विद्यार्थी आता तसेच करतो. परवा त्याने एक नवीन फाइल ऐकवली. तारप्याच्या आधी त्यात आजीचा आवाज आहे. वादकाचे नाव ती स्वतः सांगते, त्याच्या वडिलांचेही सांगते, आणि मग म्हणते, "हं, वाजव आता."